आधी घरटं, मंग ठिणगी

फोन आला तेव्हा मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेआठ, आणि नागपूरचं ऊन तेवढ्यातच अंगावर यायला लागलेलं. नळी कूलरमध्ये सोडून पाण्यावर नजर ठेवायची, ही निवृत्तीनंतर बायकोने मला लावून दिलेली नोकरी आहे आणि ती मी इमानदारीने करतो. फोन वाजला तेव्हा हात ओले होते, म्हणून उचलला नाही. परत वाजला, पंच्याला हात पुसेपर्यंत बंद पडला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बायकोने उचलला, दोन सेकंद ऐकला आणि माझ्या कानाला लावला. पलीकडे मंगेश होता, दिगांबरचा मुलगा. म्हणाला, “काका, बाबा गेले. पहाटेच…” मी म्हणालो, “बरं.” एवढ्या वर्षांचा मित्र गेल्याचं कळल्यावर माझ्या तोंडून निघालेला शब्द हा, बरं! तोवर कूलर भरून वाहायला लागला होता. पाणी बैठकीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं, तरी आम्ही दोघं नवराबायको तसेच उभे होतो.

त्याला आता सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत मी दिगांबरबद्दल अनेकांशी बोललो. तो कसा दिलदार होता, कसा हसायचा, रोडगे कसे करायचा, सगळं बोललो. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगण्याला काही अर्थ नाही असं दिवसेंदिवस वाटायला लागलंय. म्हणून हे लिहितो आहे.

दिगांबर आणि मी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात होतो. तो फिटर, मी स्टोअरमध्ये कारकून. आमचं घराणं राजांच्या काळापासून नागपूरच्या महाल भागात राहणारं, पिढ्यान्‌पिढ्या लेखणी घासणारं. शेत म्हटलं की आम्हाला आगगाडीच्या खिडकीतून दिसतं ते आठवतं. दिगांबरचं गाव कळमेश्वरपासून सायकलीने अर्ध्या तासावर. घरची शेती होती, ती करून तो पाळीला यायचा आणि चपलेला चिकटलेली काळी माती माझ्या स्टोअरच्या फरशीवर झाडून जायचा. आमची ओळखच भांडणातून झाली. कारखान्यात लोखंड कापायची गॅसची नळी पेटवायला एक चिमट्यासारखा लायटर असतो, त्यात चकमकीचा छोटा खडा बसवलेला असतो. तो खडा दिगांबर आठवड्यातून दोनदा मागायला यायचा. एकदा मी चिडून म्हटलं, “अर्ज भर, सही आण, मग मिळेल.” तो खिडकीवर कोपर टेकून म्हणाला, “काय बे बाबू, खडा मांगून राहिलो, हिरा नाई.” आणि इतका मोकळा हसला की मी अर्जाशिवायच खडा दिला. पुढे कळलं की लायटरमधले खडे तो मुद्दाम झिजवायचा. जेवणाच्या सुट्टीत शेडच्या मागे बसून, वाळल्या गवतावर ठिणग्या पाडून, ते पेटतं का पाहायचा!

हे वेड त्याला त्याच्या आज्यापासून लागलं होतं. आजा गावची ढोरं राखायचा. त्याच्या कमरेला कातड्याची एक पिशवी असायची. तिच्यात एक गारगोटी, पोलादाचा एक वाकडा तुकडा आणि सावरीच्या बोंडातला कापूस. रानात थंडी वाजली की आजा त्या कापसावर ठिणगी पाडायचा, फुंकर घालायचा आणि नातवाला शेकायला बसवायचा. “आगपेटी दहा पैशाले भेटत होती गा तवा,” दिगांबर सांगायचा, “पन आजा म्हने, दुसऱ्याची आग काहून आनाची? आपल्या हातानं काढाची.” आजा गेला तेव्हा घरच्यांनी ती पिशवी त्याच्यासोबतच सरणावर ठेवली. दिगांबर तेव्हा दहा वर्षांचा होता. एवढी हसरी मूर्ती, पण ही गोष्ट सांगताना दरवेळी त्याचा आवाज खाली यायचा. म्हणायचा, “मी मांगत होतो, कोनी देल्ली नाई. ज्याच्यातून आग निंगे तेच आगीत टाकलं…”

दोघंही निवृत्त झालो त्याच्या थोडं आधी मंगेशने पुण्याहून त्याला एक वस्तू कुरिअरने पाठवली. रानात फिरणारी मुलं वापरतात ती, बोटाएवढी काळी कांडी आणि सोबत पत्र्याची एक पट्टी. पट्टीने कांडी खरवडली की ठिणग्यांचा सडा पडतो. ओली झाली तरी पुसून चालते. दिगांबरने ती मला दाखवली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नाही. पट्टी मात्र त्याने लगेच नापास केली, खेळण्यातली आहे म्हणाला. लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा एक तुकडा घासून त्याने स्वतःची पट्टी केली. तंबाखू आणि चुन्याची दोन्हीकडून उघडणारी ॲल्युमिनियमची डबी असते ना, तशी एक जुनी मोठी डबी त्याच्याकडे होती. एका बाजूला कांडी आणि पातं, दुसऱ्या बाजूला सावरीचा कापूस. आज्याची पिशवी त्याला अशी परत मिळाली. तेव्हापासून ती डबी त्याच्या शर्टाच्या खिशातून हलली नाही.

दरवर्षी माघ महिन्यातल्या एका रविवारी दिगांबरच्या शेतात रोडगे व्हायचे. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कणकेचे तुपाचा हात लावून वळलेले गोळे शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राखेतून काढून फडक्यात झटकायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. खाणाऱ्याने दुपारी झाडाखाली आडवं व्हायचं, हा त्याचा शेवटचा भाग. विहिरीजवळच्या आंब्याखाली वीस-पंचवीस माणसं जमायची, गावची आणि कारखान्यातली. नियम एकच. आल्याबरोबर ज्याने त्याने आपली आगपेटी, लायटर, काय असेल ते दिगांबरच्या बायकोच्या, विमलवहिनींच्या सुपात टाकायचं. सूप वहिनी शेतातल्या खोपटात नेऊन ठेवायच्या. जाळ पेटणार तो दिगांबरच्या कांडीनेच.

तो पेटवायचा ते पाहण्यासारखं असे. सगळ्यांना भूक लागलेली आणि हा गडी शांतपणे गोवऱ्या रचतोय. त्यांच्या पोटात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मोडून बारीक काड्या. त्याच्या पुढे मुठीएवढं सुकं गवत चुरून केलेलं घरटं, आणि घरट्याच्या खळग्यात सावरीचा कापूस. मग कांडीचं टोक कापसाला जवळजवळ टेकवायचा, पातं वर धरायचा आणि पातं अजिबात न हलवता कांडी मागे ओढायचा. एकदा. फार तर दोनदा. कापूस भुर्रकन पेट घ्यायचा, घरटं तो दोन्ही तळहातांत उचलून फुंकायचा आणि जन्मलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तसं पऱ्हाट्यांखाली ठेवायचा. “बाबू,” तो मला सांगायचा, “आग हुकमानं येत नाई. आधी घरटं, मंग ठिणगी. अन्‌ वरतून काय ठेवाचं तेबी पयलेच हाताशी पायजे. नाईतं पेटलं अन्‌ वाया गेलं.”

मला ते कधीच जमलं नाही. दरवर्षी एकदा तरी तो कांडी माझ्या हातात द्यायचा आणि दरवर्षी मी कांडी स्थिर धरून पातं पुढे ढकलायचो. हात थेट घरट्यात जायचा आणि गवत चहूकडे उडायचं. लोक हसायचे. दिगांबर परत सगळं गोळा करायचा. “तू घरटं मोडतं गा. तुह्या हाताले घाई हाये. कांडी मांगं ओढ, मांगं. पुढं जाऊन काई भेटत नाई.” मी म्हणायचो, “अरे, चाळीस वर्षं फाइल पुढे सरकवली, हात आता मागे कसा येणार?” त्या काळी मी दिवसाला आठ-दहा सिगरेटी ओढायचो. निवृत्तीनंतर गावच्या पारावर आम्ही बसलो की दिगांबर माझी आगपेटी काढून घ्यायचा आणि कांडी पुढे करायचा. “पेटव अन्‌ पी. आपल्या हातानं काढ आग.” तासभर खरवडून सिगरेट तशीच खिशात परत जायची. वर्षभरात ती सुटलीच. लोक माझ्या निग्रहाचं कौतुक करतात. निग्रह वगैरे काही नाही, ती माझ्या नालायकीमुळे सुटली. डॉक्टरांनी जे चार वर्षांत केलं नाही ते त्या काळ्या कांडीने केलं.

गेल्या वर्षी श्रावणात दिगांबरला लकवा झाला. सकाळी गोठ्याकडे जाताना उजवा पाय वळला आणि तो खाली बसला तो बसलाच. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आणलं. मी पोचलो तेव्हा तो जागा होता. उजवा हात चादरीवर दुसऱ्या कोणाचा असावा तसा पडलेला. मला पाहून त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि निघालं ते फक्त “हाव,” म्हणजे हो. मला वाटलं ओळख पटल्याचं सांगतोय. मी म्हटलं, “दुखतंय का रे?” “हाव.” “पाणी देऊ?” “हाव.” पाणी दिलं तर त्याने मान फिरवली. डॉक्टरांनी नंतर मंगेशला समजावून सांगितलं की त्याला बरंचसं कळतंय, पण मेंदूतली बोलण्याची जागा दुखावली आहे, एखादाच शब्द शिल्लक राहतो. दिगांबरकडे हा शिल्लक राहिला. आयुष्यभर कोणालाही नाही म्हणता आलं नव्हतं त्याला… शेवटी होकार तेवढा उरला, तोही बिनअर्थाचा.

त्या दवाखान्यात मी दीड महिना रोज दुपारी जाऊन बसलो. काय करायचो? काहीच नाही. खिडकीचा पडदा ओढायचो, परत सारायचो. वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी त्याच्या उजव्या हातात मऊ चेंडू द्यायची आणि म्हणायची, “आजोबा, दाबा.” चेंडू गडगडत खाली यायचा. मी तो पलंगाखालून काढून द्यायचो. तेवढंच माझं काम. एके दिवशी चेंडू चौथ्यांदा पडला आणि दिगांबरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मला ते पाहवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलून गेलो, “दिगांबर, तू बरा हो. यंदाच्या रोडग्यांचा जाळ मी पेटवतो. तुझ्याच कांडीनं. शब्द देतो.” त्याने माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने उशीखाली चाचपलं. डबी तिथेच होती, दवाखान्यातही! ती त्याने माझ्या हातावर आपटली आणि म्हणाला, “हाव.” हा ‘हाव’ मात्र खरा होता, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. डबी मी परत त्याच्या उशीखाली ठेवली. म्हटलं, वेळ आहे.

आता स्वतःबद्दल थोडं खरं सांगतो. भाद्रपद ते माघ, पाच महिने माझ्याकडे होते. तसली कांडी मला घरबसल्या मागवता आली असती. गच्चीवर सराव करता आला असता. दर आठवड्याला वाटायचं, आता मागवू. दिवाळी गेली, संक्रांत गेली. काहीतरी होईल, आयत्या वेळी कोणीतरी करेल, हा आम्हा कारकुनांचा जुना धर्म. रोडग्यांच्या रविवारी सकाळी देवघरात दिवा लावला आणि तिथली आगपेटी लेंग्याच्या खिशात टाकली. नुसती असू दे, म्हटलं. पण ती विमलवहिनींच्या सुपात मी टाकली नाही. ‘नुसती असू दे’ हे तिथेच संपलं.

आंब्याखाली सगळे जमले होते. दिगांबरला प्लास्टिकच्या खुर्चीवर उशा लावून बसवलं होतं, उजवा हात मांडीवर ठेवून वर शाल. तब्येत बरीच उतरली होती, पण दाढी करून, पांढरा सदरा घालून नवरदेवासारखा सजवला होता त्याला. मंगेश पुण्याहून आला होता. गोवऱ्या मी रचल्या. पऱ्हाट्या मोडल्या. घरटं केलं. दिगांबर खुर्चीतून एकटक पाहत होता. दोनदा त्याने डाव्या हाताने खूण केली, गवत अजून चूर. मी चुरलं. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून डबी काढून माझ्यापुढे धरली. मी कांडी टेकवली, पातं धरलं, आणि… हात पुढे गेला. गवत उडालं.

परत रचलं. परत उडालं. तिसऱ्यांदा मी कांडी मागे ओढली, अगदी तो सांगायचा तशी, तर ठिणग्या कापसाच्या बाजूला पडल्या. चौथ्यांदा कापसावर पडल्या आणि विझल्या. वारा सुटला होता. सकाळची दहिवराची ओल गवतात होती, की माझ्या हाताला घाम होता, देव जाणे. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. वहिनींच्या परातीत रोडगे वळून तयार, पोरं भुकेने कुरकुरायला लागलेली. मंगेश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, राहू द्या, गाडीतून लायटर आणतो.” तो भल्यासाठीच म्हणाला. पण ते दिगांबरने ऐकलं. त्याने मान जोरजोरात हलवली आणि ओरडला, “हाव! हाव!” त्याला नाही म्हणायचं होतं. सगळ्यांना कळलं की त्याला नाही म्हणायचंय. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि तो माझ्याकडे पाहत होता. तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलेलं नाही. जणू त्याचा पडलेला हात मी होतो.

मी म्हटलं, “वारा आहे, आडोसा करतो.” सगळ्यांकडे पाठ केली. गुडघ्यांवर बसून घरट्यावर ओणवा झालो. पातं आणि खिशातली आगपेटी मांड्यांत दाबून धरली. डाव्या हाताने कांडी खर्रकन पात्यावर ओढली, आवाज व्हावा म्हणून, आणि उजव्या हाताने त्याच आवाजात आगपेटीची काडी ओढली. कापूस पेटला. घरटं उचलून फुंकलं, पऱ्हाट्यांखाली ठेवलं. धूर आला, मागोमाग जाळ. काडी विझवून मी पायाच्या अंगठ्याने मातीत दाबली. मागे टाळ्या वाजल्या. “बाबूनं पेटवली! बाबूनं पेटवली!” मी वळून म्हणालो, “पेटलं ना गा, दिगांबर?” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धूर त्याच्याच बाजूला जात होता. म्हणाला, “हाव.”

रोडगे झाले. छान झाले म्हणतात, माझ्या तोंडाला चव नव्हती. उन्हं कलल्यावर दिगांबरला गार वाटायला लागलं म्हणून मंगेशने त्याची खुर्ची उचलून निखाऱ्यांजवळ, मी बसलो होतो त्याच जागी नेऊन ठेवली. थोड्या वेळाने तो डाव्या बाजूला खाली वाकला. मला वाटलं तोल गेला, धावत जाऊन खांद्याला धरलं. तो सावरून बसला आणि माझ्याकडे पाहून हसला. लकव्याने एका बाजूचं झालेलं हसू. डावी मूठ मिटलेली होती. माती लागली असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर मी तीनदा त्याच्या घरी गेलो. तिन्ही वेळा बसमध्ये बसताना ठरवलं की आज सांगून टाकायचं. पण सांगणार तरी कसं? सांगितल्यावर तो काय म्हणणार हे ठाऊकच होतं. ‘हाव.’ माफ केलं तरी ‘हाव’, केलं नाही तरी ‘हाव’. तिसऱ्या वेळी मी एवढं विचारलं, “दिगांबर, त्या दिवशीचा जाळ… तुला ठीक वाटला ना?” तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “हाव.” मी चहा पिऊन परत आलो. पुढच्या खेपेला नक्की, म्हटलं. पुढची खेप त्याच्या मातीला झाली.

घरून मडक्यात विस्तव नेला होता. तो कशाने पेटवला हे मी विचारलं नाही. मंगेशने अग्नी दिला. गावातल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “त्याची डबी ठेवा गा संगं.” घरी शोधाशोध झाली, सापडली नाही. मी घाटावर एका बाभळीच्या सावलीत उभा होतो. जाळ उंच गेला तेव्हा सवयीने मनात आलं, गोवऱ्या बरोबर रचल्या आहेत, हवा चांगली खेळतेय. असलं काहीतरी मनात येतं माणसाच्या.

डबी सापडली नाही कारण ती विमलवहिनींनी लपवून ठेवली होती. तेरवीचं जेवण उरकल्यावर मला आतल्या खोलीत बोलावलं. पदराखालून डबी काढली.

“भाऊजी, हे तुमाले घ्या. ते सांगत होते का, आज्याची पिशवी जाळली थे. मले वाटलं, हे नाई जाळाचं. पोरगा पुन्याले नेऊन काय करनार? तुमाले पेटवता येते.”

मी डबी हातात घेतली. एका बाजूचं झाकण उघडलं, कांडी होती, पातं होतं. दुसऱ्या बाजूचं उघडलं. सावरीचा कापूस, आणि कापसात नीट निजवून ठेवलेली अर्धी जळालेली आगपेटीची काडी.

“थे काडी मले काई समजत नाई बापा,” वहिनी म्हणाल्या. “रोडग्याच्या दिवशी घरी आलो तं ह्यायची मूठ उघडेच ना. रातच्याले जेवताना उघडली तं हे काडी. डाव्या हातानं डबी उघडून थे ठेवाले अर्धा घंटा लागला असन. कचरा म्हून मी फेकाले गेली, तं हात धरला माहा. सोडेच ना. मंग मी बी रावू देल्ली. तुमाले मालूम हाये का, काहून ठेवली असन?”

मला मालूम होतं. वहिनी, मला मालूम होतं, आणि तुम्ही इतक्या विश्वासाने माझ्याकडे पाहत होतात की मी मान हलवून नाही म्हणालो. एक खोटं झाकायला दुसरं, तेही तेरवीच्या दिवशी. आता हे छापून आल्यावर मंगेश तुम्हाला वाचून दाखवेल. समोर येऊन सांगायची हिंमत झाली नाही, एवढं समजून घ्या.

तेव्हापासून मी विचार करतोय. फिटरचं नाक ते, गॅसच्या वासावरून गळती ओळखणारं. त्याला गंधकाचा वास आला नसेल? त्या टाळ्या वाजल्या त्याच क्षणी त्याला कळलं होतं. मग त्याने काडी का ठेवली? रागाने? की माझी गंमत करायला, बोलता यायला लागलं की एक दिवस पुढे धरून ‘काय बे बाबू’ म्हणायला? की त्याच्यासाठी कोणीतरी एवढी लबाडी केली, याचं त्याला काही वाटलं म्हणून? माझं मन सोयीचं उत्तर निवडायला बघतं, पण तेही खात्रीने निवडता येत नाही. तो एका बाजूने हसला होता खरा. दुसरी बाजू मला दिसली नाही.

गेले तीन आठवडे रोज सकाळी ऊन चढायच्या आत मी गच्चीवर जातो. लोखंडी घमेलं, मूठभर गवत, डबी. कांडी मागे ओढतो. परवापर्यंत काही झालं नाही. काल तिसऱ्या ओढीला कापसावर ठिणगी पडली, विझली नाही. तांबडा ठिपका वाढत गेला आणि भुर्रकन कापूस पेटला. मी घरटं तळहातांत उचललं, फुंकलं, जाळ झाला. माझ्या हातानं! “पेटलं गा…” मी मोठ्याने म्हणालो. खालून बायको म्हणाली, “काय हो?” मी “काही नाही” म्हणालो.

घमेल्यात ते गवत जळत होतं आणि माझ्या लक्षात आलं की त्याच्यावर ठेवायला मी काहीच आणलेलं नाही. ना पऱ्हाट्या, ना गोवऱ्या. तीन आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं. मी इकडे तिकडे पाहिलं, गच्चीवर जुन्या कुंड्या आणि कूलरची फाटकी जाळी. ती काडी तरी टाकावी, असं मनात आलं. तेवढीच एक जळण्यासारखी वस्तू होती, आणि टाकली असती तर विषयही संपला असता. डबीतून काढून जाळावर धरलीही. मग हात मागे घेतला. जाळ मिनिटभरात बसला. काडी मी कापसात होती तशी ठेवली, झाकण लावलं आणि खाली जाऊन कूलरला नळी लावली.